गणपतीचं चित्र आणि कॉपीराइटचं विघ्न

मंडळाच्या वर्षाचा हिशोब खजिनदार डॉलरमध्ये मांडतात. पण तोच हिशोब चित्रांमध्येही मांडता येईल. संक्रांतीला पतंग आणि तिळगुळाची वाटी, पाडव्याला गुढी, उन्हाळी पिकनिकला मक्याची कणसं, मग गणपती, आणि दिवाळीला पणत्या नि आकाशकंदील. फ्लायर, तिकिटं, स्मरणिका, टी-शर्ट, नाटकाचा पडदा, शिवाय या त्रैमासिकाची पानं, असं सगळं धरलं तर कुठल्याही मंडळाला वर्षाकाठी ढीगभर चित्रं लागतात. ती आणली कुठून, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "अहो, नेटवर होतं की!"

आता "नेटवर होतं" याचा अर्थ "रस्त्याच्या कडेला उभी होती" एवढाच होतो. रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी कुणी घरी नेत नाही. चित्राच्या बाबतीत मात्र आपल्यासारखी पापभीरू, टोलचे सुटे पैसे मोजून भरणारी माणसंही सर्रास हे करतात. त्यात चोरीची भावना नसते. चित्राला मालक असतो हेच मुळी डोक्यात येत नाही.

आमच्या माहितीतल्या, दुसऱ्या राज्यातल्या एका मंडळाला काही वर्षांपूर्वी एक पत्र आलं. जुन्या दिवाळीच्या फ्लायरवर कोपऱ्यात एक पणती होती, फार तर दोन इंचांची. फ्लायर मंडळाच्या साइटवर तसंच पडून होतं. चित्रांची जुळणी करत फिरणाऱ्या एका सॉफ्टवेअरने ती पणती बरोबर हुडकली आणि चित्राच्या मालकातर्फे काही शे डॉलर्सची मागणी आली. तोवर कमिटी दोनदा बदललेली. चित्र कुणी घेतलं, कुठून घेतलं, पैसे भरले होते का, कुणालाच सांगता येईना. शेवटी मंडळाने पैसे दिले. पैशाचं एक वेळ सोडा. ज्या हौशी मुलाने रात्री जागून ते फ्लायर केलं होतं, त्याने त्यानंतर मंडळाच्या कुठल्याच कामाला हात लावला नाही. हे नुकसान ताळेबंदात दिसत नाही, पण आपल्यासारख्या स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थेला तेच जास्त महागात पडतं.

म्हणून हा लेखप्रपंच. आम्ही वकील नाही. पण नियम वाचून ते कामाला लावणं हा इंजिनिअरच्या पोटापाण्याचाच भाग आहे. हे नियम दिसतात तेवढे किचकटही नाहीत.

कायदा काय म्हणतो

पहिली समजूत अशी की चित्रावर 'सी'चं वर्तुळ नसेल तर ते मोकळं. एके काळी अमेरिकेत त्यात थोडं तथ्य होतं. परंतु १ मार्च १९८९ पासून अमेरिका बर्न करारात सामील झाली आणि त्या खुणेची सक्ती संपली. चित्र कागदावर किंवा पडद्यावर उतरलं की त्याच क्षणी ते काढणाऱ्याचा हक्क सुरू होतो. सही नसो, खूण नसो, नोंदणी नसो.

दुसरी समजूत, "आपण नॉन-प्रॉफिट आहोत, आपल्याला कोण विचारतंय?" आयकरात मिळणारी सूट कॉपीराइटमध्ये चालत नाही. 'फेअर यूज' नावाची एक पळवाट आहे खरी, पण तिथे चार गोष्टी तपासतात: वापर कशासाठी, मूळ कृती कुठल्या जातीची, तिचा किती भाग घेतला, आणि तिच्या बाजारावर काय परिणाम झाला. फ्लायर सजवण्यासाठीच जी पणती विकली जाते, ती आपण अख्खी उचलून फ्लायरवरच लावली, तर नॉन-प्रॉफिट असण्याचा फायदा फारसा उरत नाही.

तिसरी समजूत, "आम्ही रंग बदलले, कडा गोल केल्या, आता ते आमचं." याबाबत एक खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकर्तीने १९८१ साली गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाने त्यावरून एक चित्र करून घेण्यासाठी तिला ४०० डॉलर्स दिले. अट अशी की वापर एकदाच. चित्रकार होते अँडी वॉरहॉल. त्यांनी त्या फोटोवरून एक नव्हे, सोळा चित्रं केली. २०१६ साली प्रिन्स गेला, तेव्हा त्यातलंच एक चित्र दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर आलं. वॉरहॉलच्या संस्थेला १०,००० डॉलर्स मिळाले, गोल्डस्मिथबाईंना काहीच नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल बाईंच्या बाजूने लागला. वॉरहॉलसारख्याचं रंगकाम जिथे चाललं नाही, तिथे आपल्या फिल्टरचं काय घेऊन बसलात!

दंडाचे आकडेही माहीत असलेले बरे. चित्राची नोंदणी वेळेवर झालेली असेल तर कोर्ट एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर्स लावू शकतं. जाणूनबुजून केलं असं ठरलं तर १,५०,००० पर्यंत. खरोखरच कल्पना नव्हती हे पटवून दिलं तर २०० पर्यंत खाली येतं, पण शून्यावर येत नाही. शिवाय जून २०२२ पासून वॉशिंग्टनच्या कॉपीराइट कार्यालयात लहान दाव्यांसाठी एक मंडळ बसतं. तिथे दावा लावणं स्वस्त आणि सोपं आहे, आणि भरपाईची कमाल मर्यादा ३०,००० डॉलर्स. तिथली रीतसर नोटीस हातात पडली की ६० दिवसांच्या आत "आम्हाला हे मंडळ मान्य नाही" असं कळवून बाहेर पडता येतं. मात्र नोटीस खणात टाकून दिली तर एकतर्फी निकाल लागू शकतो.

फुकट, रॉयल्टी-फ्री आणि मोकळं

क्लिप आर्ट या नावातच कात्री आहे. छापखान्यांसाठी चित्रांची जाडजूड पुस्तकं निघत, त्यातली चित्रं कापून पानावर चिकटवायची. न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनाची अशी पुस्तकं अनेकांनी पाहिली असतील. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं असे, की एका कामासाठी दहापर्यंत चित्रं न विचारता, फुकट वापरा. म्हणजे परवानगी होती आणि मर्यादाही होती. पुढे कॉम्प्युटरबरोबर सीडी आल्या. मायक्रोसॉफ्टच्या वर्डमधले ते टाळ्या वाजवणारे गोल डोक्यांचे पुतळे आपल्या कितीतरी पत्रिकांवर नाचून गेले. त्या चित्रांचा परवाना सॉफ्टवेअरबरोबरच मिळालेला असे. डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते भांडार बंद केलं आणि त्या जागी नेटवरचा शोध दिला. शोधून दिलेल्या चित्राचा परवाना तपासण्याची जबाबदारी तेव्हापासून आपल्यावर आली. आपली सवय मात्र सीडीच्या काळातलीच राहिली.

विकत मिळणाऱ्या स्टॉक चित्रांवर 'रॉयल्टी-फ्री' असं लिहिलेलं असतं. त्यातल्या 'फ्री'ने भल्याभल्यांना चकवलंय. रॉयल्टी-फ्री म्हणजे एकदा पैसे भरा, मग दर वापरामागे पुन्हा भरू नका. फुकट नव्हे. आणि पैसे भरले म्हणजे चित्र आपलं झालं असंही नाही. ते काही ठरावीक कामांना वापरण्याचा परवाना तेवढा आपल्याला मिळाला. साध्या परवान्यात फ्लायर आणि स्मरणिका सहसा बसतात. त्याच चित्राचे टी-शर्ट किंवा मग छापून विकायचे असतील तर बहुतेक ठिकाणी वरचा, महागडा परवाना लागतो. मंडळाचं बोधचिन्ह तर स्टॉक चित्रातून करूच नये. जे चित्र उद्या कुणीही विकत घेऊ शकतं, त्यावर आपली ओळख कशी बांधणार? 'फक्त संपादकीय वापरासाठी' असं लिहिलेले क्रिकेटपटूंचे नि नटनट्यांचे फोटो कार्यक्रमाच्या जाहिरातीला चालत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगायला हवी. परवाना ज्याच्या नावावर, त्यालाच तो लागू. "आमच्या ऑफिसचं अकाउंट आहे, तिथून काढून देतो" असं म्हणणारे मदतनीस प्रत्येक मंडळात असतात. भावना चांगली, पण ते चित्र कंपनीच्या कामासाठी घेतलेलं असतं. मंडळाच्या फ्लायरवर ते आलं तर मंडळाकडे परवाना नाही आणि त्या बिचाऱ्याची नोकरीत पंचाईत.

तिसरा प्रकार क्रिएटिव्ह कॉमन्सचा. या परवान्यांची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. त्यांची अक्षरं एकदा पाठ केली की झालं. 'बीवाय' म्हणजे काढणाऱ्याचं नाव द्या. 'एसए' म्हणजे तुम्ही त्यात फेरफार केलेत तर तुमची कृतीही त्याच अटींवर लोकांना द्या. 'एनडी' म्हणजे फेरफार करून वाटू नका. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. आपण तिकिटं विकतो, जाहिराती घेतो, तेव्हा 'एनसी'च्या वाटेला न गेलेलं बरं. 'सीसी झीरो' म्हणजे मालकाने हात झटकले, हवं ते करा. यातलं नाव देण्याचं काम आपण सगळ्यात जास्त विसरतो. खरं तर त्याला पैसा लागत नाही, चित्राखाली एक ओळ लागते.

रविवर्मा, दलाल आणि पंचाण्णव वर्षं

आता गणपतीकडे वळू. देव कुणाच्या मालकीचा नाही, पण त्याचं प्रत्येक चित्र कुणीतरी काढलेलं असतं. सोंड, मोदक, उंदीर यांच्यावर हक्क नाही. त्या चित्रकाराने ते ज्या रेषांत बांधलं त्या रेषांवर आहे.

राजा रविवर्म्यांचं काम सोपं. ते १९०६ साली गेले. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आज्यांच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती तिथूनच आल्या. ती मूळ चित्रं आज मोकळी आहेत. पण त्यांचा कुणी काढलेला फोटो वापरला तर? इंग्लंडच्या ब्रिजमन चित्रसंग्रहाने कोरेल कंपनीवर याच मुद्द्यावर दावा लावला होता. जुन्या चित्रांचे फोटो कोरेलच्या सीडीवर आले होते. १९९९ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय कोर्टाने सांगितलं, की सपाट चित्राची जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या फोटोत नवं असं काही नाही, म्हणून त्याला वेगळा हक्क नाही. मात्र रविवर्म्यांच्या लक्ष्मीवर कुणी हल्ली नवं रंगकाम केलं असेल, तर त्या नव्या भागाचा हक्क त्याचा.

खरी अडचण आपल्या लाडक्या दिवाळी अंकांची. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांचं एखादं जुनं मुखपृष्ठ आपल्या अंकावर घ्यावं, असा मोह कुठल्या संपादकाला होत नाही? भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत. मुळगावकर १९७६ मध्ये, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. आणि आपण छापतो अमेरिकेत, तेव्हा इथलं गणित वेगळं. १ जानेवारी १९९६ रोजी ज्या परदेशी कृतींचे हक्क त्यांच्या देशात जिवंत होते, ते अमेरिकेनेही मान्य केले. १९७८ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या चित्राला इथे प्रसिद्धीपासून ९५ वर्षं मोजायची. म्हणजे १९५० च्या दिवाळी अंकावरचं मुखपृष्ठ इथे २०४५ संपेपर्यंत राखीव! धुरंधरांचं उदाहरण तर आणखी गमतीचं. ते १९४४ साली गेले, भारतात त्यांची चित्रं २००५ पासून मोकळी झाली. पण त्यांचं एखादं चित्र १९४० साली पहिल्यांदा छापलं गेलं असेल, तर अमेरिकेत ते २०३५ संपेपर्यंत मोकळं होत नाही.

याचा अर्थ ती चित्रं वापरायचीच नाहीत असं नव्हे. चित्रकाराच्या कुटुंबाला किंवा मूळ प्रकाशकाला एक पत्र लिहायचं. आपल्याकडे माणसं अशा पत्राने रागावत नाहीत, उलट साता समुद्रापार कुणी आठवण ठेवली म्हणून हरखतात. परवानगी मिळाली तर ती कागदावर घ्यायची, आणि अंक निघाल्यावर दोन प्रती न चुकता पाठवायच्या.

पत्रापत्रीला वेळ नसेल तर मोकळी भांडारं काही थोडी नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक चित्रं 'सीसी झीरो'खाली खुली केली. त्यात भारतीय लघुचित्रंही आहेत. स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख चित्रांनी सुरुवात केली. अमेरिकन केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतींवर इथे कॉपीराइट नसतो, त्यामुळे नासाचा चंद्र कोजागिरीच्या फ्लायरला खुशाल लावा. नासाचं बोधचिन्ह तेवढं सोबत घेऊ नका.

घरचं चित्रही फुकट नाही

"त्यापेक्षा आपल्या कुलकर्ण्यांच्या मुलीकडूनच काढून घेऊ" हा विचार उत्तम, पण तिथेही एक चौकट हवी. वॉशिंग्टनमध्ये बेघरांसाठी काम करणाऱ्या एका नॉन-प्रॉफिट संस्थेने जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून एक शिल्प करून घेतलं. पैसे संस्थेचे, कल्पनाही बरीचशी संस्थेची. हक्क कुणाचा यावरून वाद झाला आणि १९८९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की रीड हे संस्थेचे नोकर नव्हते, त्यामुळे केवळ पैसे दिले म्हणून सगळा हक्क संस्थेचा होत नाही. आपल्या मंडळात तर बहुतेक वेळा पैसेही दिलेले नसतात. तेव्हा मुलीने काढलेलं चित्र मुलीचं. ते दरवर्षी, टी-शर्टवर, तिला न विचारता छापायचा हक्क मंडळाला आपोआप मिळत नाही. दोन ओळी लिहून घ्या: कुठे छापणार, किती काळ, खाली नाव कसं देणार. मूल लहान असेल तर आईवडिलांची सही. बोधचिन्ह करून घेणार असाल तर सर्व हक्क मंडळाला दिल्याचा लेखी कागद हवाच.

कॉम्प्युटरला सांगून चित्र काढून घेण्याची सोय आता घरोघरी झाली आहे. त्याबद्दल एवढंच, की मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय अपील कोर्टाने निव्वळ यंत्राने केलेल्या चित्राला कॉपीराइट नाकारला. कर्ता माणूस हवा. म्हणजे असं बोधचिन्ह उद्या दुसऱ्या कुणी जसंच्या तसं उचललं, तर कॉपीराइटच्या आधारे त्याला अडवणं आपल्याला कठीण.

कोपऱ्यातली चौकट

इंजिनिअरिंगच्या प्रत्येक ड्रॉइंगला उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. कुणी काढलं, कुणी तपासलं, तारीख काय, कितवी सुधारणा. ती नसेल तर वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगला कुणी हात लावत नाही. मंडळाच्या चित्रांनाही एवढीच शिस्त लावायची. एक वही किंवा साधा तक्ता ठेवा: चित्र कुठलं, काढणारा कोण, कुठून घेतलं, परवाना कोणता, तारीख कोणती, आणि कुठे कुठे वापरलं. पैसे भरले असतील तर पावती खजिनदारांकडे, मंडळाच्या नावाने. त्या दिवशीच्या अटींचं पान छापून जोडायचं, कारण अटी बदलतात. पिक्साबे या साइटवरची चित्रं आधी 'सीसी झीरो'खाली मिळत; जानेवारी २०१९ पासून तिने स्वतःचा वेगळा परवाना आणला. पाच मिनिटांचं काम आहे. कमिटी बदलली की खात्याच्या चेकबुकाबरोबर हा तक्ताही पुढच्यांच्या हाती द्यायचा.

आणि पत्र आलंच तर? घाबरायचं नाही आणि टाळायचंही नाही. चित्र आधी काढून ठेवा. मग तक्ता उघडा. मागणी करणाऱ्याला विचारा की चित्र तुमचं कशावरून, नोंदणी क्रमांक काय. मागणी प्रत्येक वेळी बरोबरच असते असं नाही. कॅरोल हायस्मिथ या छायाचित्रकर्तीने आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत लोकांना मोकळे करून दिले. डिसेंबर २०१५ मध्ये तिलाच पत्र आलं, की तुमच्या साइटवर हा फोटो विनापरवाना आहे, १२० डॉलर्स भरा. फोटो तिचा स्वतःचा! पुढे तिने दावा लावला, पण फोटो तिने आधीच मोकळे केलेले असल्याने २०१६ मध्ये मुख्य दावा फेटाळला गेला. तात्पर्य, पैसे देण्याआधी आणि कबुली देण्याआधी मंडळातल्या एखाद्या वकील सभासदाला पत्र दाखवा, आणि गरज पडली तर त्या विषयाच्या वकिलाला.

मंडळी, यंदाच्या दिवाळी अंकासाठी चित्रं हवी आहेत. पेन्सिलने काढलेली चालतील, रांगोळीचा घरी काढलेला फोटो चालेल, नातवाने काढलेला तीन पायांचा उंदीरही चालेल. पाठीमागे काढणाऱ्याचं नाव, वय आणि छापायच्या परवानगीच्या दोन ओळी तेवढ्या लिहा. नाव चित्राखाली छापलं जाईल, आणि अंकाची एक प्रत चित्रकाराच्या नावाने घरी येईल.